कॉलेजचं कॅलेंडर नेमकं वाचायचं कसं? (माजी सैनिक, वय ४३, एफवाय बीए)

हवालदार_सातारकर | १२ जुलै, दुपारी ३:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिलाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

चोवीस वर्षं फौजेत काढून मार्चमध्ये घरी आलो. बारावी नोकरीत असतानाच मुक्त विद्यालयातून केली होती, पुढचं राहिलं ते राहिलंच. थोरली यंदा बारावीला आहे. तीच म्हणाली, "पप्पा, घरात बसून आईच्या डब्यांचं इन्स्पेक्शन करण्यापेक्षा कॉलेजला जावा." गेलो. साताऱ्यातच बीएला नाव घातलं, इतिहास घ्यायचा विचार आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सहा ते रात्री दोन एका गोडाऊनवर गार्डची ड्यूटी.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर गेलो तर मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबा, विद्यार्थ्याला पाठवा." म्हटलं, मॅडम, विद्यार्थी मीच. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एक फॉर्म सरकवला. वर लिहिलेलं : माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी. तो परत दिला. मागच्या रांगेतली पोरं हसली, मीपण हसलो.

असो. माझा प्रश्न कॅलेंडरचा आहे. कॉलेजने एक पानाचं 'शैक्षणिक दिनदर्शिका' म्हणून काढलंय. त्यात 'प्रथम सत्र' आहे, 'सत्र १' आहे, 'हिवाळी सत्र परीक्षा' आहे. हे तिन्ही एकच का वेगळे? परीक्षेच्या तारखेसमोर कंसात 'संभाव्य'. अंतर्गत परीक्षेसमोर 'नंतर कळविण्यात येईल'. आमच्याकडे लीव्ह प्लॅन वर्षाच्या सुरुवातीला बनायचा. साठ दिवस ॲन्युअल, तीस कॅज्युअल, कोण जत्रेला जाणार, कोण सुगीला, सगळं लिहून. इथं मला सुपरवायझरला महिनाभर आधी रजा सांगावी लागते आणि कॉलेज म्हणतंय 'संभाव्य'. शिवाय ७५ टक्के हजेरी म्हणतात ती कशाच्या ७५ टक्के?

जाणकारांनी सांगावं.

अजिंक्यतारा_खालचा | १२ जुलै, ४:०५

स्वागत मेजर! पहिलाच धागा आणि एवढा नेटका, कमाल आहे.

लेटफी_सम्राट | १२ जुलै, ४:११

मी पदवी सहा सेमिस्टरमध्ये केली आणि सहाच्या सहा वेळा विलंब शुल्क भरलं. कॅलेंडर कसं वाचू नये हे विचारायचं असेल तर हक्कानं विचारा.

हवालदार_सातारकर | १२ जुलै, ४:३०

@अजिंक्यतारा_खालचा, मेजर नाही हो, हवालदार.

पुसेसावळीकर | १२ जुलै, ४:४२

अवो आपल्या जिल्ह्यात रिटायर फौजी म्हंजी मेजरच. आमच्या आळीत सात मेजर हायत, त्यातला एक तर स्वयंपाकी हुता. तुमी नका मनावर घिऊ.

माई_विश्रामबाग | १२ जुलै, रात्री ९:१५

मी सांगलीत वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हवालदारसाहेब, तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण 'सत्र' या एका बिचाऱ्या शब्दावर आम्ही चार-चार ओझी लादलीत.

'प्रथम सत्र' म्हणजे टर्म. शिकवण्याचे दिवस, सुट्ट्या, कॉलेज कधी उघडतं आणि कधी मिटतं. वर्षात दोन टर्म, मध्ये दिवाळीची सुट्टी. 'सत्र १' म्हणजे सेमिस्टर एक. तो तुमच्या अभ्यासक्रमाचा तुकडा, त्याचे पेपर, त्याचे क्रेडिट (म्हणजे अभ्यास मोजायचं माप). 'हिवाळी सत्र' हा परीक्षेचा हंगाम. त्यात सेमिस्टर एकचेच नाही, मागे राहिलेल्यांचेही पेपर असतात. आणि मुक्त विद्यापीठांत जानेवारी सत्र, जुलै सत्र असतं ते प्रवेशाचं, तो भाग निराळा.

आता मुख्य गंमत. टर्म बांधलेली असते कॉलेजच्या कामाच्या दिवसांना, सेमिस्टर बांधलेलं असतं तुमच्या पेपरांना. दोन्ही एकाच दिवशी संपत नाहीत. टर्म संपून दिवाळी होते, लाडू-चिवडा खाऊन लोक परत येतात आणि सेमिस्टर एकची परीक्षा तेव्हा चालू असते. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं कॅलेंडर कळलं म्हणून समजा.

'संभाव्य' का, तर तारीख कॉलेजच्या हातात नसते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून येते. एका सेमिस्टरमध्ये किमान ९० दिवस अध्यापन व्हावं असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. प्रवेश लांबले की ते ९० दिवस पुढे सरकतात, त्यांच्यामागून परीक्षा सरकते. ७५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात झालेल्या तासांच्या, आणि विषयवार मोजतात. इतिहासाला रोज बसलात आणि इंग्रजीला दांडी मारली तर सरासरी तुम्हाला वाचवत नाही.

बाकरवडी_नको_भडंग | १२ जुलै, ९:३१

हिवाळी सत्र तर नागपूरला असतं ना?

अजिंक्यतारा_खालचा | १२ जुलै, ९:३३

😂 तिथंही तारखा संभाव्यच असतात.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | १३ जुलै, सकाळी ६:१०

राम राम हवालदार. मी २६ वर्षं क्लार्क होतो, त्यामुळे तुझ्या भाषेत सांगतो.

कॉलेजचं कॅलेंडर म्हणजे पार्ट वन ऑर्डर. उद्या पीटी किती वाजता, ड्रेस कुठला, कार्यक्रम काय. वाचायचं, पण उद्या बदललं तर ओरडायचं नाही. परीक्षा विभागाचं परिपत्रक म्हणजे पार्ट टू ऑर्डर. जे रेकॉर्डला लागतं ते. पार्ट टू निघाली नाही तर तुझं लग्न झालेलं असूनही कागदावर तू बिनलग्नाचा. तसंच परीक्षा फॉर्म भरला नाहीस तर तू वर्गात रोज बसून, टिपणं काढून, सरांचा लाडका होऊनसुद्धा कागदावर नाहीस.

म्हणून दोन वह्या कर. एकीत कॉलेजच्या तारखा पेन्सिलीनं. दुसरीत फक्त चार गोष्टी पेननं : पात्रता, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल. पेनाच्या वहीत तोंडी ऐकलेलं काही लिहायचं नाही, परिपत्रक डोळ्यांनी बघितल्याशिवाय.

आणि परिपत्रकाच्या शेवटी नेहमी दोन-तीन तारखा असतात : विनाविलंब शुल्क, विलंब शुल्कासह, अतिविलंब शुल्कासह. आपली तारीख पहिली. बाकीच्या लेटफी_सम्राट यांच्यासाठी राखीव.

लेटफी_सम्राट | १३ जुलै, ८:०२

सुभेदारसाहेब, सॅल्यूट. माझ्या नावाचा सरकारी वापर पहिल्यांदाच झाला.

माई_विश्रामबाग | १३ जुलै, ८:२०

पार्ट वन, पार्ट टू फारच आवडलं. उद्या स्टाफरूममध्ये माझं म्हणून खपवणार आहे.

कृष्णाकाठ | १३ जुलै, १०:४५

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न मला वेगळाच वाटतो. ४३ व्या वर्षी, रात्रीची ड्यूटी सांभाळून रेग्युलर कॉलेज कशासाठी? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. इग्नू आहे. तिथं सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर, वर्षानुवर्षं ठरलेलं. हजेरीची कटकट नाही. माझा मेहुणा नेव्हीत असताना इग्नूतून बीए झाला, बोटीवर असाइनमेंट लिहायचा.

दुसरं, पंधरा वर्षं सेवा आणि दहावी असेल तर फौजेकडून पदवीसमकक्ष प्रमाणपत्र मिळतं ना? गट क च्या नोकऱ्यांना ते चालतं. मग हा सगळा उपद्व्याप का?

पुसेसावळीकर | १३ जुलै, ११:००

आता हितनं धागा पेटनार.

हवालदार_सातारकर | १३ जुलै, दुपारी २:३०

कृष्णाकाठ दादा, ते प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. डिस्चार्ज बुकाच्या फायलीतच आहे. नोकरीच्या अर्जाला ते चालतं, पण पुढे एमए किंवा लॉ करायचं म्हटलं तर विद्यापीठाला खरी पदवी लागते. माझ्या डोक्यात लॉ आहे. आमच्या भावकीत शेताच्या बांधावरून अकरा वर्षं केस चालू आहे, मी दरवेळी सुट्टीवर यायचो आणि वकील दरवेळी 'पुढची तारीख' म्हणायचे. म्हटलं आपणच बघू, तारीख कोण देतं ते.

रेग्युलर का, तर चोवीस वर्षं एकट्यानं असाइनमेंट नाही, पण पोस्टवर एकट्यानं रात्री काढल्यात. आता वर्गात बसायचंय. फळा, खडू, समोर कुणीतरी बोलतंय. एवढंच.

कृष्णाकाठ | १३ जुलै, ३:१०

हे आधी सांगायचं ना राव. माघार.

इनामदार_वाडा | १३ जुलै, ३:४०

माघार कशाला? कृष्णाकाठ यांचा मुद्दा बरोबरच आहे. भावना आणि हजेरीपट यांचा संबंध नसतो. रात्री दोनला सुटून सकाळी साडेसातच्या तासाला बसणं दोन महिने जमेल, तिसऱ्या महिन्यात झोप जिंकते. मी स्वतः नोकरी करत लॉ केलं. तिथं बार कौन्सिलच्या नियमानुसार ७० टक्के हजेरी लागते, आणि ती शेवटच्या महिन्यात एकदम गोळा करता येत नाही. लॉचा विचार असेल तर एक जास्तीची सूचना : तीन वर्षांच्या एलएलबीला राज्याची सीईटी आहे, मग केंद्रीय प्रवेश फेऱ्या. त्या लांबत जातात, त्यामुळे पहिल्या वर्षाचं कॅलेंडर बीएच्या कॅलेंडरशी अजिबात जुळत नाही. बीए लवकर संपलं म्हणून लॉ लवकर सुरू होत नाही. पण सीईटीचा अर्ज मात्र बीएचं शेवटचं वर्ष चालू असतानाच भरावा लागतो. ती तारीख ना कॉलेजच्या कॅलेंडरात असते ना विद्यापीठाच्या.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | १३ जुलै, ४:०५

झोपेचं म्हणाल तर, इनामदार, दोन ते चारची सेंट्री करून साडेपाचला पीटीला उभा राहणारा माणूस आहे तो. साडेसात म्हणजे त्याला दुपार.

इनामदार_वाडा | १३ जुलै, ४:१२

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | १३ जुलै, ४:२०

तेही खरंच.

ऑस्टिनचा_मिरजकर | १४ जुलै, सकाळी ७:५०

मूळचा मिरजेचा, सध्या टेक्सासमध्ये एका विद्यापीठाच्या नोंदणी विभागात आहे. आमच्याकडे दर वर्षी माजी सैनिक विद्यार्थी भरपूर येतात, त्यामुळे राहवेना.

इथं कॅलेंडर म्हणजे थेट पैशाचा प्रश्न. जीआय बिल म्हणून कायदा आहे, मूळचा १९४४ चा, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी केलेला. त्याची आत्ताची आवृत्ती २००९ पासून लागू आहे. तिच्यात साधारण ३६ महिन्यांचा लाभ मिळतो : फी, पुस्तकं आणि दरमहा घरभत्ता. पण घरभत्ता शिकवण्याच्या दिवसांपुरताच. सेमिस्टर डिसेंबरच्या मध्यावर संपलं आणि पुढचं जानेवारीच्या मध्यावर सुरू झालं, की मधल्या दिवसांचा भत्ता नाही. २०११ पर्यंत मिळायचा, मग बंद केला. त्यामुळे आमचा विद्यार्थी कॅलेंडर उघडून आधी परीक्षा बघत नाही, टर्मचा पहिला आणि शेवटचा दिवस बघतो आणि जानेवारीचं घरभाडं कसं भरायचं याचं गणित मांडतो.

दुसरी तारीख म्हणजे विषय सोडायची. सुरुवातीच्या मुदतीत सोडला तर निभावतं. नंतर सबळ कारणाशिवाय सोडला तर सरकार आधी दिलेले पैसे परत मागतं. पुन्हा ड्यूटीवर बोलावणं आलं तर ते सबळ कारण धरतात. प्रत्येक कॉलेजात सरकारला हजेरी-नोंदणी कळवणारा एक खास माणूस असतो. नवीन आलेल्यांना आम्ही पहिल्या दिवशी सांगतो : लायब्ररी नंतर शोधा, आधी तो माणूस शोधा.

हवालदार_सातारकर | १४ जुलै, ११:२०

भारीच. आमची पेन्शन महिनाअखेरीला येते, कॉलेज चालू असो वा बंद. त्या मानानं सुखी आहे. फक्त हयातीचा दाखला माझा नोव्हेंबरात असतो. म्हणजे ज्या महिन्यात पेपर, त्याच महिन्यात जिवंत आहे हेही सिद्ध करायचं.

तो 'खास माणूस' इथं कोण?

माई_विश्रामबाग | १४ जुलै, १२:०५

तुमच्या कॉलेजात परीक्षा विभागाचा लिपिक. प्राचार्य नव्हे, आम्ही प्राध्यापक तर नव्हेच. त्याच्याशी ओळख ठेवा.

अजिंक्यतारा_खालचा | १४ जुलै, १२:१०

कंदी पेढ्यांनी ओळख लवकर होते 😉

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | १४ जुलै, १२:३०

क्लार्कला पेढे नकोत. सगळे कागद एकाच वेळी, क्रमानं लावून द्या. आम्हाला त्याच्यासारखं दुसरं गोड काही नाही.

बाकरवडी_नको_भडंग | १४ जुलै, रात्री १०:१५

थोडं अवांतर. संभाव्य म्हणजे काय ते आम्हा सांगलीकरांना विचारा. ऑगस्ट २०१९, मी तेव्हा एसवायला. कॉलेजचं कॅलेंडर लॅमिनेट करून भिंतीला लावलेलं, आईची हौस. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. आठ दिवसांनी परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ आणि तिच्यावर वीतभर उंच ते लॅमिनेट केलेलं कॅलेंडर, कोरडं ठणठणीत. 'ऑगस्ट दुसरा आठवडा : चाचणी परीक्षा.' आई त्याही अवस्थेत म्हणाली, अभ्यास झालाय का?

कृष्णाकाठ | १४ जुलै, १०:२२

त्या रेघा अजून आहेत आमच्या जिन्यात. रंग देताना मुद्दाम ठेवल्यात.

हवालदार_सातारकर | २३ ऑगस्ट, पहाटे २:५०

मंडळी, धागा वर काढतोय. आत्ताच ड्यूटीवरून आलोय.

हजेरी व्यवस्थित चालू आहे. पहिल्या बाकावर बसतो, पोरं म्हणतात काका तुम्ही पुढं बसा, म्हणजे आमच्याकडं सरांचं लक्ष जात नाही. अडचण वेगळीच आली. माझी बारावी राज्य मंडळाची नाही, म्हणून पात्रतेचा अर्ज विद्यापीठात जातो. त्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, शिवाय मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र. हे कॅलेंडरात कुठेच नव्हतं. पात्रता झाल्याशिवाय कायम नोंदणी क्रमांक नाही आणि क्रमांकाशिवाय परीक्षा फॉर्म उघडत नाही. वर्गातल्या पोरांचे क्रमांक कधीच आले.

ऑफिसात विचारलं तर म्हणतात नोटीस बोर्ड बघा. बोर्डाला काचेचं दार, दाराला कुलूप, आतलं परिपत्रक कबड्डीच्या निवड चाचणीच्या कागदाखाली. खालच्या कोपऱ्यातून 'पात्र' एवढंच दिसत होतं. किल्ली शिपाईमामांकडे, मामा रजेवर.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | २३ ऑगस्ट, ६:०५

गॅपच्या प्रतिज्ञापत्राला डिस्चार्ज बुकाची प्रत जोड. चोवीस वर्षं कुठे होतास त्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. अर्ज दिला की आवक क्रमांक घे, तारखेसह. आवक क्रमांक नाही तर अर्ज नाही. दर सोमवारी जा, आवाज चढवू नकोस.

माई_विश्रामबाग | २३ ऑगस्ट, ७:४०

हे माझ्याकडून सांगायचं राहिलं, चूक माझी. राज्य मंडळाच्या मुलांना ही पायरी जाणवतच नाही म्हणून आमच्याही लक्षात येत नाही. दुसऱ्या मंडळाची बारावी असेल त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच स्थलांतर प्रमाणपत्र मागवायला टाकावं.

आणखी एक काम राहिलं असेल तर करून घ्या : क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आल्यावर क्रेडिट तिकडे जमा होतात. नाव आधारवर आहे तसंच्या तसं हवं. फौजेच्या कागदांवर तुमचं नाव आडनाव-आधी आहे की नंतर, तपासा. यातच निम्मे अडकतात.

हवालदार_सातारकर | २३ ऑगस्ट, ८:१५

माई, फौजेत आडनाव शेवटी, दहावीच्या कागदावर आधी, आधारवर वडिलांचं नाव अर्धं. तीन माणसं आहेत मी.

पुसेसावळीकर | २३ ऑगस्ट, ८:२०

मग तिघांची मिळून ७५ टक्के हजेरी सहज व्हईल की.

इनामदार_वाडा | २३ ऑगस्ट, ९:००

क्रेडिट बँकेवरून आठवलं. नव्या धोरणात एक वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट झाले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा भाग करावा लागतो. आणि नंतर परत येता येतं. नोकरी सांभाळणाऱ्यांना ही सोय मला खरोखर कामाची वाटते, नाहीतर त्या धोरणावर माझे बरेच आक्षेप आहेत. (ते इथे नको.) एक क्रेडिट म्हणजे १५ तास थिअरी. असं मोजलं की सेमिस्टर फार लांबलचक वाटत नाही.

अग्निवीर_२३ | २३ ऑगस्ट, रात्री ९:४५

जय हिंद काका. मी सध्या नोकरीत आहे, कोरेगाव तालुका. अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी २०२२ मध्येच जाहीर झालीय, त्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात. तुमच्या वेळच्या लोकांच्या कोर्सेसचे, कॅडरचे असे क्रेडिट धरत नाहीत का?

हवालदार_सातारकर | २४ ऑगस्ट, पहाटे २:४५

जय हिंद बेटा. मी विचारलं होतं. ऑफिसातल्या मॅडमनी माझी कोर्सची सर्टिफिकेटं एकेक करून बघितली. वेपन ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर, स्नो वॉरफेअर... मग म्हणाल्या, "यातलं क्रीडा विभागाला काही चालेल का विचारा." तू आत्तापासून तुझे सगळे कागद जपून ठेव.

हवालदार_सातारकर | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

अपडेट. परीक्षा फॉर्म सुरू झाला, मला कळलंच नाही. त्या आठवड्यात गोडाऊनवर डबल ड्यूटी होती, दोन दिवस कॉलेज बुडालं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला वर्गातल्या एका मुलीचा मेसेज : "काका, फॉर्म भरला का? आज लास्ट आहे." क्रमांक माझा चार दिवसांपूर्वीच आलेला, तेवढं नशीब. गोडाऊनच्या गेटवर, टॉर्च काखेत धरून मोबाईलवर फॉर्म भरला. विषय निवडले, फोटो चढवला. पैसे भरायच्या पानावर चक्र फिरायला लागलं. अकरा एकोणसाठ. चक्र फिरतंय. बारा शून्य एक, आणि खाली रकमेत विलंब शुल्क मिळवून आलं.

चोवीस वर्षांत फॉलइनला एकदा उशीर झाला नव्हता.

लेटफी_सम्राट | ९ ऑक्टोबर, ११:३२

या मेजर, या. तुमचीच वाट बघत होतो. 🙏

सुभेदार_क्लार्क_निवृत्त | ९ ऑक्टोबर, ११:५०

पेनाची वही काय म्हणते?

हवालदार_सातारकर | ९ ऑक्टोबर, १२:१०

वहीत होतं साहेब. वही घरी होती.

माई_विश्रामबाग | ९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पावती जपून ठेवा आणि फॉर्मची प्रिंट कॉलेजात जमा केलीत का ते बघा. ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं होत नाही, कॉलेजने तो पुढे पाठवावा लागतो. त्या मुलीला मात्र चहा पाजा.

हवालदार_सातारकर | ९ ऑक्टोबर, १:४५

प्रिंट आजच दिली. चहा नको म्हणाली, शिवकालीन नाणी या टॉपिकच्या माझ्या नोट्स मागितल्या. वर्गात पूर्ण नोट्स फक्त माझ्याकडे आहेत.

हवालदार_सातारकर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

आज शेवटचा पेपर झाला. परीक्षेचं नाव 'ऑक्टोबर-नोव्हेंबर', झाली नोव्हेंबर-डिसेंबर, गुणपत्रिकेवर म्हणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच छापणार. चालायचंच.

पहिल्या पेपरची गोष्ट सांगतो. हॉलवर वीस मिनिटं आधी पोचलो, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बूट चमकवलेले, सवयच ती. दारात उभा राहिलो तर आतली सगळी पोरं उठून उभी. एक तरुण सर धावत आले, माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "बरं झालं सर लवकर आलात, पहिल्या तीन रांगा तुम्ही घ्या." मी तीन रांगांना उत्तरपत्रिका वाटल्या, शेवटची माझ्यासाठी ठेवली आणि माझ्या नंबरवर जाऊन बसलो. सरांचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

हयातीचा दाखलाही दिला, पेपरच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी. इतिहास बरा गेला. इंग्रजीचं देव जाणे.

कृष्णाकाठ | ५ डिसेंबर, ५:३०

😂😂 उत्तरपत्रिका वाटल्या!

बाकरवडी_नको_भडंग | ५ डिसेंबर, ५:३४

हसून हसून पुरेवाट. तुम्ही वाटल्यात म्हणजे पोरांनी कॉपी करायची हिंमतच केली नसेल.

इनामदार_वाडा | ५ डिसेंबर, ६:१०

अभिनंदन. तिसऱ्या महिन्यात झोप जिंकेल हे माझं भाकीत चुकलं, नोंद घ्यावी.

अग्निवीर_२३ | ५ डिसेंबर, ६:४०

काका, निकाल कधी?

माई_विश्रामबाग | ५ डिसेंबर, ७:०५

कायद्याप्रमाणे शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, फार तर ४५. पेपर तपासणारे आम्हीच, तेव्हा जास्त बोलत नाही. पेनाच्या वहीत ४५ वा दिवस लिहून ठेवा.

हवालदार_सातारकर | ५ डिसेंबर, ७:२०

लिहिलं. वही आता खिशातच असते. आता आठ-दहा दिवस गावाला जाऊन येतो, बांधाच्या केसची तारीखपण आहे. माई, दुसरी टर्म कधी सुरू होते हो? कॅलेंडरात बघितलं पण ते पेन्सिलीचं, पुसट झालंय.

माई_विश्रामबाग | ५ डिसेंबर, ७:२४

हवालदारसाहेब, बहुतेक ठिकाणी दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशीच सुरू झाली. परीक्षा सेमिस्टर एकची होती. टर्म दुसरीच चालू आहे.

हवालदार_सातारकर | ५ डिसेंबर, ७:४१

वर्गातल्या ग्रुपवर विचारलं. सेमिस्टर दोनचे तास सोमवारी सकाळी साडेसातपासून आहेत. गाव रद्द. बांधाच्या केसला धाकट्याला पाठवतो, तिथं पुढचीच तारीख मिळणार आहे.